मी लिहिलेला तिचा जबाब

माझ्या आत्याच्या बाराव्याला आमच्या घरापुढच्या खळ्यात जेवढी माणसं जेवून गेली, त्यांतली निम्मी गेल्या दोन वर्षांत तिच्या घराची पायरी चढली नव्हती. मी भात वाढत होतो. शेजारची एक म्हातारी काळ्या वाटाण्याचं सांबारं भातावर ओतून घेत म्हणाली, "गरीब गाय होती ती. त्या मेल्या घाट्यान फसवली तिका." पंगतीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या आणि पुन्हा भातात हात घातला.

हातातलं पातेलं तिथेच आपटावं आणि ओरडावं असं मला वाटलं. ओरडलो नाही. मी ओरडणारा माणूस नाही, आणि त्यातूनच हे सगळं झालेलं आहे. 'फसवली' हा शब्द त्या म्हातारीचा नव्हे. तो माझा आहे. पोलीस ठाण्याच्या बाहेरच्या बाकावर बसून, शुद्धलेखनाची एकही चूक न करता मी तो लिहिला होता. तिथून तो टाइप झाला, गावात आला, आणि आता तिच्या बाराव्याचं सांबारं त्याच्याबरोबर ओरपलं जात होतं.

मी शाळेत मराठी शिकवतो. आमच्या वाडीत कुणालाही कचेरीत काही द्यायचं असलं की कागद माझ्याकडे येतो. घरात मालवणीत भांडणारी माणसं कचेरीच्या दारात गेली की अवघडतात, छापील मराठीत बोलायला लागतात आणि मध्येच अडकतात. म्हणून त्यांचं म्हणणं मी लिहितो. विजेच्या मीटरचा अर्ज, वारसाचा अर्ज, वानरांनी केलेल्या नुकसानीचा अर्ज. वीस वर्षं दुसऱ्यांचं म्हणणं लिहून माझी एक खोड झाली होती: माणूस काय सांगतो ते पुरतं ऐकायच्या आधीच त्याने काय सांगायला हवं ते मला ठाऊक असायचं.

आत्या माझ्या वडलांची सगळ्यांत धाकटी बहीण. तिचं लग्न झालं नाही. 'झालं नाही' असं मी लिहितो, कारण आमच्या घरात तसंच म्हणतात, पाऊस झाला नाही तसं. खरं म्हणजे ते केलं गेलं नाही. मोठे काका नोकरीसाठी मुंबईला गेले, मधले गेले, माझे वडील लवकर वारले, आजी अंथरुणाला खिळली. मग कुणीतरी घरात राहायला हवं होतं. दर गणपतीला काका यायचे आणि म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघूया हिचं." आजी गेल्यावर तर तेही म्हणेनासे झाले. मग म्हणू लागले, "हिच्यामुळे घरात दिवा लागतो हो." चांगलं चिऱ्याचं, कौलांऐवजी नवे पत्रे घातलेलं, पाच खोल्यांचं घर, आणि त्यात दिवा लावायला ठेवलेली एक बाई. माझं घर तिच्यापासून हाकेच्या अंतरावर. मी रोज संध्याकाळी तिच्याकडे चहा प्यायचो आणि मला ते सगळं योग्य वाटायचं. माझ्यावर मला येणारा राग इथपासून सुरू होतो.

"तुझ्या पुस्तकांत लिवलेला आसा काय रे झिला," एकदा तिने मला विचारलं होतं, "पन्नाशीतल्या बाईन तिनसांजेक दिवो लावन झाल्यार काय करूचा ता?"

मी हसलो होतो. ती हसली नव्हती.

तो माणूस आला साथीच्या दुसऱ्या वर्षी, काजूच्या हंगामात. राखणीला. घाटावरचा होता, जवळच्या एका चिरेखाणीत काम करत होता, आणि खाण बंद पडल्यावर काम शोधत फिरत होता. पन्नाशीचा, रुंद हाडाचा, कमी बोलणारा. त्याने एक नाव सांगितलं. कागद मागायचं कुणाला सुचलं नाही. मागितला असता तर तो मलाच बघायला दिला असता, म्हणजे मलाही सुचलं नाही. आत्याच्या बागेत कोपऱ्यावरच्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, तो राहू लागला. बिया वेचायचा, बोंडं वेगळी करायचा, वानरं हाकलायचा. जेवण आत्याकडून जायचं. पुढे तो पडवीत येऊन जेवू लागला. नंतर पडवीतून आत.

त्याला मासा खाता येत नव्हता. घाटावर वाढलेला, पापलेट दिलं तर खायचा, पण पेडव्यासारखा काटेरी मासा समोर आला की पहिल्या घासाला ठसका. एका दुपारी मी शाळेतून लवकर आलो आणि आत्याकडे मागच्या दाराने गेलो. दोघं स्वयंपाकघरात जेवायला बसली होती. त्याच्या घशात काटा अडकला होता आणि आत्या त्याच्या पाठीत गुद्दे घालत होती.

"कोरडो भात गीळ. चावू नको, गीळ! माणूस मारूक जमलो तुका आणि पेडवो खावक जमना नाय!"

काटा उतरला आणि तो हसला. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याआधी मी त्याला हसताना ऐकलं नव्हतं. "बाई, तुमच्या ह्या माशापरास जेल बरं," तो म्हणाला.

मी दारात उभा होतो. तिने मला पाहिलं. घाबरली नाही. पाट सरकवला, "बस, जेव," म्हणाली, आणि मी जेवत असताना दोघांनी मिळून मला सगळं सांगितलं. पाटाच्या पाण्यावरून चुलत्याशी भांडण, हातात फावडं, एकच घाव. जन्मठेप. तेरा वर्षं आत. मग साथीत तुरुंगातली गर्दी कमी करायला काही कैद्यांना घरी सोडलं, त्यांत हाही सुटला. घरी गेला तर भावांनी दार उघडलं नाही. परत जायची तारीख आली तेव्हा हा परत गेलाच नाही.

"बाईंना मी पहिल्याच महिन्यात सांगितलंय," तो म्हणाला. "मग म्हटलं, आता काढायचं तर काढा."

"आणि मी काय म्हटलंय ता सांग."

"म्हणाल्या, काजू संपूदेत, मग बघूया."

"काजू संपले," आत्या म्हणाली. "मगे आंबे होते."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. तिला सगळं माहीत होतं, हे मला ठाऊक होतं. आणि ते मी कुणालाही सांगितलं नाही. तेवढं एक बरं काम माझ्या हातून झालं.

दोन हंगाम गेले. ती बदलली असं मी म्हणणार नाही. ती होती तशीच होती, फक्त आता ते ऐकायला कुणीतरी होतं. दिवसभर तिचं तोंड चालायचं आणि तो "हां बाई, बराबर बाई" करायचा. एकदा दोघं वालावलला जाऊन आली, माझी मोटरसायकल घेऊन. देवळाच्या तळ्याकाठी बसलो, भेळ खाल्ली, एवढंच तिने सांगितलं. बावन्न वर्षांच्या आयुष्यात एका पुरुषाबरोबर ती एवढीच कुठे गेली. त्यातही त्याने सबंध वेळ टोपी डोळ्यांवर ओढून ठेवली होती.

मग तिने गाऱ्हाण्याचं काढलं. आमच्याकडे कुठलंही मोठं काम करायच्या आधी ग्रामदेवतेला सांगावं लागतं. मानकरी देवासमोर उभा राहून मोठ्या आवाजात सगळं सांगतो: कोण आलं आहे, कुठलं आहे, काय मागतं आहे. जमलेले लोक प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा देतात. नोंदणीचं लग्न त्यांना शक्य नव्हतं, भट बोलावणं शक्य नव्हतं.

"देवाक सांगूया," ती म्हणाली. "तेचो आधार कार्ड देव मागूचो नाय."

सोमवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. ती दोघं, मी, मानकरी, गुरव आणि दोन-तीन गाववाले. मानकऱ्याने विडा ठेवला, नारळ ठेवला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, "नाव काय, गाव खंयचा?" मानकऱ्याला त्याचं नाव ठाऊक होतंच, दोन वर्षं त्याच नावाने तो हाक मारत होता. पण गाऱ्हाण्यात विचारावंच लागतं.

त्या माणसाने हात जोडले आणि दुसरंच नाव सांगितलं. पूर्ण, बापाच्या नावासकट. मग गाव.

मानकरी गोंधळला. "अरे, तुझा नाव तर..."

"देवापुढं हेच," तो म्हणाला. "बाहेर ते."

आत्याने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने मान खाली घातली होती आणि ती हसत होती. मी तिच्या शेजारी हात जोडून उभा होतो. मानकऱ्याने खाकरून गाऱ्हाणं सुरू केलं. ते पुटपुटायचं नसतं. सबंध देऊळ घुमेल अशा आवाजात त्याने ते नाव चार वेळा घेतलं, तिच्या नावाशेजारी. ही दोघां तुझी लेकरां म्हाराजा, चुकली असतील तर पोटात घाल, एका ठिकाणी सुखान ठेव. चार वेळा आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणालो. मीही म्हणालो. त्या साक्षीचा मला नंतर विसर पडला.

मानकऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याने त्याच संध्याकाळी मुंबईला मोठ्या काकांना आनंदाने फोन केला: तुमच्या बहिणीचं गाऱ्हाणं मीच घातलं. आणि नाव सांगितलं. काकांनी ते मोबाईलवर शोधलं. जुनी बातमी सापडली. आपल्या बहिणीला एकदाही फोन न करता, तू हे का केलंस असं न विचारता, त्यांनी थेट पोलिसांना कळवलं. तीस वर्षं पुढच्या वर्षी बघूया म्हणणाऱ्या माणसाला हे करायला दोन दिवस लागले.

पोलीस दुपारी आले. तो खळ्यात काजूबिया वाळत घालत होता. पळाला नाही. बियांचं तेल हाताला लागलं की कातडी सोलते, म्हणून हात धुऊ देता का एवढंच विचारलं. आत्याने तांब्याने त्याच्या हातांवर पाणी घातलं, मग त्याच्या मागोमाग गाडीत चढायला निघाली. त्यांनी तिला थांबवलं आणि जबाबासाठी तिला ठाण्यात घेऊन यायला मला सांगितलं.

ठाण्यात तिने एका दमात सगळं सांगितलं. हवालदार लांबच्या जिल्ह्यातला होता, तिचं भराभर मालवणी त्याला झेपत नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली. "तू लिव. माका सगळा म्हायत होता. मी तेका ठेवलंय. मी तेची बायको. ह्या लिव, झिला."

हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, माहीत असून कैद्याला आसरा दिला म्हणाल्या तर बाईंना आत घ्यावं लागेल. काय ते मुद्देसूद लिहून आणा, मी टाइप करतो." मी बाहेर बाकावर बसलो. फोन वाजला. काका.

"तिला काही माहीत नव्हतं असं लिही. फसवलं म्हण. अरे, घराचं नाव आहे काही."

मला तिला वाचवायचं होतं. हे खरं आहे, आणि हे म्हणून मला काही सवलत मिळत नाही. मी लिहिलं: "सदर इसमाने आपली खरी ओळख लपवून माझा विश्वास संपादन केला व माझी फसवणूक केली. तो कैदी असल्याची मला कोणतीही कल्पना नव्हती. माझे त्याच्याशी कोणतेही नाते नाही." तीन वाक्यं. स्वच्छ, मुद्देसूद. वर्गात फळ्यावर लिहावीत अशी.

आत ती कोठडीच्या बाजूला तोंड करून बसली होती. टाइप झालेला कागद मी तिच्यापुढे ठेवला. तिला वाचता येत होतं. तिने वाचला नाही. मी लिहिला होता ना, मग वाचायचं काय? तिने सही केली आणि पुन्हा त्या दिशेला बघत बसली.

मी वाचणारा माणूस म्हणवतो. जबाब लिहिण्याआधी कायदा वाचायचं मला सुचलं नाही; तो मी वाचला ती गेल्यावर. गुन्हेगाराला आसरा दिल्याची शिक्षा नवराबायकोला लागू होत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. बायकोला सूट आहे. देवळातलं गाऱ्हाणं कोर्टाने लग्न म्हणून मानलं असतं की नाही, मला माहीत नाही, बहुधा नसतं. पण ती जे लिही म्हणत होती, तेच निदान लढण्याजोगं होतं. आणि ते मी खोडलं.

चार महिन्यांनी त्याचं तुरुंगातून पोस्टकार्ड आलं. ते घेऊन ती शाळेत आली, मधल्या सुट्टीत. स्टाफरूममध्ये न येता पायरीवर उभी राहिली. कार्डावर मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत पाच ओळी होत्या. वकिलाने तुमचा जबाब वाचून दाखवला. तुम्ही लिहिलं ते बराबर केलं. आता तसंच म्हणत ऱ्हावा. मला पत्र पाठवू नका. काजू एकट्यानं उतरवू नका.

"मी काय लिवलंय?" तिने विचारलं.

मी सांगितलं. तीनही वाक्यं मला पाठ होती.

तिने कार्ड माझ्या हातून परत घेतलं. मुलं नळावर पाणी पीत होती. मग म्हणाली, "देवाच्या फुड्यात खोटा सांगूक नको म्हणान तेना खरा नाव सांगल्यान आणि तो धरलो गेलो. आणि तू माझ्या नावान ह्या लिवलंस."

"तुला आत टाकली असती गो आते."

"टाकूदेत होते. थय चार माणसां तरी आसतली."

 

तिने मला जबाब बदलून द्यायला सांगितलं. मी म्हणालो, बघूया. ती एकटी कट्टा गावाहून एसटीने ठाण्यात गेली, दोनदा. "मावशी, झालं ते झालं, घरी जा," असं सांगून तिला परत पाठवलं. तिने त्याला दोन पत्रं लिहिली, ती परत आली. त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवलं होतं. तिने मला म्हटलं, नवा पत्ता काढ. मी म्हटलं, बघूया. काकांचा शब्द माझ्या तोंडात कधी येऊन बसला, मला कळलंही नाही. खरं तर मला भीती वाटत होती. पत्र पोचलं तर खोटा जबाब उघड होईल, माझी नोकरी, माझं नाव. ह्या भीतीला मी तिची काळजी असं म्हणत राहिलो.

त्या दिवसापासून तिने दिवा लावणं सोडलं. "दिवो आता तू लाव," मला म्हणाली, "नायतर तुझ्या काकाक लावक सांग." माझ्यासाठी चहा ठेवणंही सोडलं. मी रोज जाऊन पायरीवर बसायचो. ती आत काजू सोलत असायची. दीड वर्ष असं गेलं. मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि पाच दिवसांत ती गेली. शेवटच्या दिवशी तिने मला एवढंच विचारलं, "तेका अजून तसाच वाटता काय रे?" तसंच, म्हणजे आपण त्याला नाकारलं, असं.

मी "नाही" म्हणालो. तेही खोटंच होतं.

बारावं झालं, पाहुणे पांगले. काका मुंबईला जाताना म्हणाले, "किल्ली तुझ्याकडे ठेव. घरात दिवा लागला पाहिजे बघ." मी म्हणालो, "तो तुम्ही लावायचा, असं ती सांगून गेलीय." त्यांना ते कळलं नाही. मग मी तुरुंग खात्याला एक अर्ज लिहिला, त्या माणसाच्या पत्त्यासाठी. एका पानाचा. दहा दिवसांत पत्ता आला. तिने दीड वर्ष मागितलेली गोष्ट, एक पान आणि दहा दिवस.

पत्र लिहायला मला तीन आठवडे लागले. आरंभी मी शुद्ध मराठीत लिहिलं आणि फाडलं. मग तिने ठाण्यात सांगितलं होतं तेच, तिच्याच बोलीत, जसंच्या तसं उतरवलं: माका सगळा म्हायत होता, मी तेका ठेवलंय, मी तेची बायको. खाली लिहिलं, हे ती पहिल्या दिवशीच बोलली होती, ते तीन वाक्यांचं खोटं माझं आहे. आणि ती अमुक दिवशी गेली. पोचपावती आली. तिच्यावर त्याने सही केली आहे, देवळात सांगितलेल्या नावाने, त्याच वेड्यावाकड्या अक्षरांत. बाकी काही आलेलं नाही. माझ्याशी त्याने बोलावं असं काही कारणही नाही.

परवा कट्ट्याच्या स्टॉपवर ती बाराव्याची म्हातारी भेटली. गाडीला वेळ होता, सात-आठ माणसं होती. ती कुणाला तरी सांगत होती, घाट्यान कशी फसवली तिका.

"कुणी फसवली नाय," मी म्हणालो. मला वाटलं त्याहून आवाज मोठा निघाला. पानवाल्यानेही वर पाहिलं. "तिका सगळा म्हायत होता. ती तेची बायको होती. देवळात मी उभो होतंय."

"मगे पोलिसांच्या कागदार तसा कसा?"

"ता मी लिवलंय."

म्हातारीने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. शाळेची पिशवी, चष्मा, इस्त्रीचा शर्ट.

"मेल्या," ती म्हणाली, आणि आलेल्या गाडीत चढली.